‘योग्य नाही’ एवढंच

४ मार्च

वहिनी,

तू म्हणालीस तसं हे पत्र घरी न पाठवता तू नोकरी करतेस त्या चष्म्याच्या दुकानावर पाठवते आहे. घरी आलं असतं तर आधी दादाने फोडलं असतं, मग आईने वाचलं असतं, आणि तुझ्या हाती पडेपर्यंत त्यातलं सगळं शिळं झालं असतं. पाकीट फोडण्याआधी त्यावरचं नाव बघायची आपल्या घरात पद्धतच नाही. फोनचंही तेच. फोन तुझा, पण तो असतो टेबलावर आणि टेबल सगळ्यांचं.

आईचा आवाज परवा बरा वाटला. डायलिसिसच्या मशीनवरून आली की तिला बोलणं नको होतं हे मला कळतं, पण कळलं म्हणून सवय होते असं नाही. तिला हॉस्पिटलात नेणं, तिथे थांबणं, परत आणणं, सगळं तू आणि दादा करता. मी इतक्या लांबून फोनवर सांगते, "आई, पाणी कमी पी गं." सांगायला काय जातं!

माझी किडनी तिला चालणार नाही असं कळलं तो दिवस वाईट गेला. मला साखर निघाली, दादाचा रक्तदाब आडवा आला. मग त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तू म्हणालीस, "माझी बघा." मी फोनवर होते. तिकडे सगळे गप्प झाले ते मला इथे ऐकू आलं. मी पोटची, तू सून, आणि देणारी तू. रक्तगट जुळला हे दादाने कळवलं. पुढच्या तपासण्यांचं काय झालं ते मला आधी सांग.

इकडची बातमी अशी की तुम्ही आईचे रिपोर्ट ज्या अ‍ॅपवर बघता ते आमच्या कंपनीचं आहे, आणि आता ते माझ्याकडे तपासणीला आलंय. माझं काम तुला ठाऊकच आहे. दुसऱ्यांनी बांधलेलं मोडतं का ते बघायचं. लहानपणी यासाठी मार खायचे, आता पगार मिळतो.

अ‍ॅप दिसायला झकास आहे. पासवर्ड टाकला की एकाच पानावर रंगीत आलेख, औषधांच्या वेळा, डॉक्टरांना प्रश्न विचारायची खिडकी. पण त्या रंगांशी माझं देणंघेणं नाही. ते पान मागच्या सर्व्हरकडे सारखं काहीतरी मागत असतं, याचा रिपोर्ट दे, त्याची तारीख दे. ते मागणं आणि ते देणं सरळ आहे का, एवढंच मी बघते.

तुझी,
नणंद


१५ मार्च

वन्सं,

तुला वन्सं म्हटलेलं आवडत नाही, म्हणून मुद्दाम.

रिपोर्ट आला. जमत नाही. किडनीच्या डॉक्टरांनी मला आणि तुझ्या दादाला समोर बसवून सांगितलं की मी देणारी म्हणून योग्य नाही. त्याने कारण विचारलं. त्या म्हणाल्या, देणाऱ्याच्या बाबतीत कारणं आम्ही कोणालाच सांगत नाही. परत येताना तो वाटेत स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता, कंपनीतून लिफ्ट अडकल्याचा फोन आला की वाजवतो तशी.

आईंना मीच सांगितलं. "बरं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पलीकडच्या खोलीत कोणी नाही, दिवा कशाला जळतोय?" मी जाऊन बंद केला.

त्यांचं नाव प्रतीक्षा यादीत आहेच. आता वाट बघायची.

दुकान ठीक चाललंय. काल एकजण आला, नजर उत्तम, म्हणतो बिननंबरी चष्मा द्या, मुलाखतीला जायचंय. चार फ्रेमी लावून बघितल्या. शेवटी स्वतःच म्हणाला, "छे, आता तर मी नापास झाल्यासारखा दिसतो."

तुझ्याकडे एक काम आहे. तुझ्या दादाने आईंच्या खात्याला सगळं घर जोडून ठेवलंय, त्यात मीही आहे. म्हणजे माझे कागद त्याच्या पडद्यावर उघडू शकतात. माझं नाव त्या यादीतून काढता येईल का? जमत नाही म्हटल्यावर उगाच चर्चा नको. माझ्या हॉस्पिटलच्या कार्डाचा नंबर चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलाय. मी खटपट केली तर त्याच्या फोनवर निरोप जाईल, म्हणून तुला सांगते.

वहिनी


२८ मार्च

वहिनी,

तुझं काम झालं. तुझ्या वतीने हॉस्पिटलच्या मदतकक्षाला लिहिलं, त्यांनी तुझं नाव घरच्या यादीतून काढलं. दादाच्या पडद्यावर आता तू दिसणार नाहीस.

पण पडद्यावर दिसत नाहीस, इतकंच. हे काम करताना मला जे सापडलं ते तुझ्या दुकानाच्या भाषेत सांगते. समज, तुमच्या दारावर एक रखवालदार आहे. आत येणाऱ्याचं ओळखपत्र तो डोळ्यांत तेल घालून तपासतो. पण एकदा आत आलेला माणूस काउंटरवर कोणाच्याही नावाचा चष्मा मागू शकतो, आणि मागितला की मिळतो. "हा तुमचाच ना?" असं कोणी विचारत नाही. अ‍ॅप फक्त दुसऱ्यांच्या चष्म्यांवर फडकं टाकून ठेवतं. फडक्याखाली हात घालायला फार अक्कल लागत नाही.

मी हे आमच्या टीमच्या प्रमुखाला सांगितलं. त्याला आम्ही कॅप्टन म्हणतो, कारण गुडघाभर पाणी आलं तरी तो म्हणतो जहाज ठीक आहे.

"लॉगिन आहे ना?" कॅप्टन म्हणाला.

"लॉगिन आहे. पण लॉगिन केलेल्याने दुसऱ्याचा कागद मागितला तर सर्व्हर देतो."

"पडद्यावर तसं बटणच नाही. मागेल कोण?"

"मी मागितला."

"तू सोडून कोण?" असं म्हणून तो मीटिंगला गेला. नवीन आवृत्ती बाहेर पडल्यावर बघू, असं ठरलं. म्हणजे काहीच ठरलं नाही.

तुझ्याबद्दल विचार करत होते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर? रक्तगट जुळतो, दोन्ही किडन्यांचं काम अगदी सारखं, तुझं आणि आईचं रक्त एकत्र करून बघितलं तेही बिनसलं नाही. मग घोडं अडलं कुठे? डॉक्टरही चुकतात. तू म्हणशील तर मी इथल्या एकांना विचारते.

आई फोनवर फारच कमी बोलली या वेळी.

तुझी,
नणंद


६ एप्रिल

वन्सं,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं, मग गिऱ्हाईक गेल्यावर परत वाचलं. "दोन्ही किडन्यांचं काम अगदी सारखं." हे वाक्य मी याआधी एकदाच ऐकलं आहे, किडनीच्या डॉक्टरांकडून, दार लावलेल्या खोलीत. तुझ्या दादाला ते माहीत नाही, आईंना नाही, आणि मी तुला लिहिलेलं नाही. म्हणजे तू रिपोर्ट पाहिलास. माझा नंबर मी नाव काढायला दिला होता.

आता पाहिलाच आहेस तर उरलेलंही ऐक. रिपोर्टात सगळं जुळतं एवढंच लिहिलंय. पुढचं त्यात नाही.

तपासण्या संपल्यावर तिथल्या समुपदेशक बाईंनी मला आत बोलावलं. तुझा दादा उठला तर त्याला म्हणाल्या, "तुम्ही बाहेरच बसा." एवढीशी खोली, दोन खुर्च्या, खिडकीत एक वाळकं झाड. बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला करायचं आहे का?"

मी म्हटलं, "जुळतंय ना?"

"मी ते नाही विचारलं."

वन्सं, तोवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःसुद्धा नाही. त्या टेबलावर "माझी बघा" म्हणाले तेव्हा मनातून मला खात्री होती की जुळणार नाही. तुम्हा रक्ताच्या दोघांचं जमलं नाही, मी तर परक्या घरून आलेली. म्हणून ते बोलणं मला सोपं गेलं. सगळे माझ्याकडे कसे बघत होते! तुझ्या दादाने स्वतः उठून माझ्या ताटात वाढलं. इतकी वर्षं झाली, कधी वाढलं नव्हतं. आणि मग जुळलं.

तू कारण विचारशील. माझी आई साध्या ऑपरेशनला गेली आणि भुलीतून उठली नाही, हे तुला माहीत आहे. ते कारण म्हणून खपेल. पण खरं सांगायचं तर कारण शोधायच्या आधीच उत्तर तयार होतं. नको.

मला वाटलं बाई समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "मग नको." कोणी चहा नको म्हणावं आणि दुसऱ्याने बरं म्हणावं, इतक्या सहज. म्हणाल्या, "घरच्यांना आम्ही योग्य नाही एवढंच सांगतो. यात खोटं काही नाही. ज्याला द्यायची नाही तो आमच्या लेखी योग्य देणारा नसतोच. बाकीचं या खोलीबाहेर जात नाही."

गेलं मात्र.

मी दगड नाही. मशीनवरून आल्यावर आईंना मोजे काढायलाही वाकवत नाही. मीच काढते, आणि काढताना दर वेळी हे सगळं डोक्यात असतं. तरी उत्तर बदलत नाही.

आता चेंडू तुझ्याकडे. दादाला सांगायचं असेल तर सांग. फक्त मला आधी कळव, म्हणजे त्या वेळी मी त्या टेबलाशी बसलेली नसेन.

वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

हो, पाहिला.

कसा ते सांगते. चाचणीसाठी आम्ही एक खोटी रुग्ण तयार केली आहे. तिच्या लॉगिनने मी आत गेले आणि ते रंगीत पान बाजूला ठेवून सर्व्हरला थेट विचारलं, या नंबरच्या कार्डाचा रिपोर्ट दे. त्याने दिला. मागणारी लॉगिन केलेली आहे एवढं त्याने बघितलं. कोणाचा कागद मागते आहे, ते नाही. परक्या माणसाचा नंबर टाकायला मन धजेना. तुझी चिठ्ठी समोर होती. म्हटलं घरचीच आहे.

कॅप्टनला दाखवायला पुरावा हवा म्हणून हे केलं, अशी मी स्वतःची समजूत काढली. पण पुरावा पहिल्या ओळीतच मिळाला होता, तुझं नाव दिसलं तेव्हाच. पुढची पानं मी आईची मुलगी म्हणून वाचली.

राग आला, वहिनी. फार आला. सगळं जुळतंय आणि ही म्हणते जमत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मी लिहिलं ते तुला चिमटा काढायला. त्याआधी एकदा दादाला फोनही लावला होता. त्याने उचलला. मी विचारलं, "स्वयंपाकघरातला तो नळ गळायचा, तो झाला का दुरुस्त?" तो म्हणाला, "तुझं लग्न मोडलं त्या वर्षीच झाला." मी बरं म्हणून फोन ठेवला.

तुझ्या जागी मी असते तर दिली असती, असं मी लिहिणार होते. पण तुझ्या जागी मी नाही. माझी कोणाला चालतच नाही, तेव्हा मोठं मन दाखवायला मला काय लागतं?

दादाला मी सांगणार नाही. तुला माफ केलं असं समजू नकोस, तेवढं माझं मन अजून झालेलं नाही. पण ते सांगणं माझं नाही.

आता कामाचं. परवाच्या फोनवर दादा म्हणाला की तो तुझा रिपोर्ट कसाही करून मिळवणार आणि दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवणार. त्याच्याकडे आईचं लॉगिन आहे. त्याच्या लिफ्टच्या कंपनीत कॉम्प्युटरमधली माणसं आहेत. मी जे केलं ते त्यांच्यापैकी कोणालाही चहा पिता पिता जमेल. कॅप्टनकडून काही होणार नाही, तेव्हा हे थेट हॉस्पिटलला लेखी कळवायला हवं. पण कळवायचं म्हणजे मी कोणाचा कागद उघडला तेही सांगायचं. असं झालं की हॉस्पिटल त्या रुग्णाला पत्राने कळवतं. तुमची नोंद परवानगीशिवाय पाहिली गेली, म्हणून. पत्र घरी येणार, आणि घरी कोण फोडणार ते तू जाणतेस.

तू आधी तिथला पत्ता बदलून दुकानाचा दे. तोवर मी थांबते.

तुझी,
नणंद


१७ एप्रिल

वन्सं,

पत्ता बदलायला गेले तर घरच्या नंबरवर खात्री करायला फोन येतो म्हणे. राहू दे. तू थांबू नकोस.

त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आले तेव्हा बाहेर माझ्यानंतर आत जाणारा एक माणूस बसला होता. भावाला देणार होता. सोबत अख्खं कुटुंब, भावाची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तो जमिनीकडे बघत होता. आत गेल्यावर तो काय म्हणाला मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसायला हवं. त्याचा कागद माझ्याच शेजारी ठेवलेला असणार ना?

माझं मी बघेन. तुझ्यावर मी चिडलेले आहे, तो हिशेब वेगळा. त्याची सरमिसळ यात करू नकोस.

वहिनी


२० मे

वहिनी,

उशीर झाला. इतके दिवस लिहिण्यासारखं काही हाती नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी हॉस्पिटलच्या माहिती सुरक्षा अधिकाऱ्याला लिहिलं आणि त्याची प्रत आमच्या कंपनीच्या वरच्या लोकांना दिली. हॉस्पिटलने त्याच दुपारी अ‍ॅप बंद केलं. लोक रिपोर्टसाठी पुन्हा काउंटरवर रांगा लावू लागले. तुम्हालाही लावावी लागली असेल. कॅप्टन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मला सांगायचं होतंस." मी म्हटलं, "सांगितलं होतं." तो म्हणाला, "नीट सांगायचं होतंस."

मग चौकशी झाली. हॉस्पिटलचा अधिकारी आणि आमच्या कंपनीच्या दोघी जणी, काचेच्या खोलीत.

"कोणाची नोंद उघडलीत?"

"माझ्या वहिनीची."

"त्यांची परवानगी होती?"

"नव्हती."

"नंबर कुठून मिळाला?"

"तिनेच दिला होता. दुसऱ्या कामासाठी."

अधिकारी माझं पत्र बघत होते. म्हणाले, "इथे तुम्ही लिहिलंय, 'घरचीच व्यक्ती असल्यामुळे.' त्यामुळे काय?" ते चिडले नव्हते, खरंच विचारत होते. शेवटी ते वाक्य त्यांनी मला खोडायला लावलं.

त्यांनी सर्व्हरच्या जुन्या नोंदी काढल्या. माझ्याआधीही कोणीतरी असंच दुसऱ्यांचं मागून गेलं होतं. कोण ते त्यांनी सांगितलं नाही. त्यात तुझा कागद नव्हता आणि मागणारा दादा नव्हता, एवढं सांगितलं.

आता दुरुस्ती झाली आहे. पान काय दाखवतं, काय झाकतं यावर सर्व्हर आता विसंबत नाही. प्रत्येक मागणीला स्वतः बघतो, मागणारा कोण आणि मागतोय ते त्याचं आहे का. नसेल तर देत नाही, मग मागणारा घरचा असो की दारचा. हे काम माझ्याऐवजी दुसऱ्या टीमने केलं. मला लेखी ताकीद मिळाली, आणि हॉस्पिटलच्या कामावरून काढून पार्किंगच्या अ‍ॅपवर टाकलं. तिथे कोणाचं काही गुपित असलं तर गाडी कुठे उभी होती एवढंच. अर्थात तेही कमी नाही म्हणा.

हॉस्पिटलचं पत्र तुझ्याकडे निघालंय. माझं नाव त्यात नसतं. हवं तर तू सांग, मी नाकारणार नाही.

तुझी,
नणंद


९ जून

वन्सं,

पत्र आलं. तुझ्या दादाने फोडलं. वाचून असा काही भडकला की आई आतून विचारत आल्या, कोण आलंय. "माझ्या बायकोचे कागद कोणीतरी बघितले! मी सोडणार नाही त्यांना." मी काही म्हणेपर्यंत गाडी काढून गेलासुद्धा.

तिथे काय झालं ते त्याने आल्यावर सांगितलं, तेही मोठ्या रागाने. काउंटरवर गेला आणि म्हणाला, कोणी बघितलं आणि त्यात काय होतं ते मला आत्ता दाखवा. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी नवरा आहे तिचा."

"हो, पण त्या नाही ना तुम्ही."

"एकाच घरात राहतो आम्ही!"

"मग त्यांनाच विचारा ना," ती म्हणाली.

हे मला सांगताना तो मधेच थांबला. पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "काय होतं त्यात?"

मी भाजी चिरत होते. कसं सांगायचं ते कितीतरी दिवस घोळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. मी म्हटलं, "सगळं जुळत होतं. मी नको म्हटलं."

"जुळत होतं?"

"हो."

तो म्हणाला, "मला तरी सांगायचं."

मी विचारलं, "तुला सांगितलं असतं तर मला नको म्हणता आलं असतं?"

तुझा दादा कसाही असो, विचारलेल्याचं उत्तर देतो. बराच विचार करून म्हणाला, "नाही." आणि बॅग घेऊन वर्कशॉपवर राहायला गेला. आईंच्या मशीनच्या दिवशी तेवढा यायचा, गाडीत बसवायचा, उतरवायचा. आता घरी परतलाय. बोलतो, फार नाही. परवा माझ्या फोनवर निरोप वाजला तर फोन उचलून न बघता माझ्या हातात आणून दिला. कुठे ठेवावा हे कळत नसल्यासारखा धरला होता.

त्याच दिवशी मी आईंनाही सांगितलं, दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलेनात. मोजे मात्र माझ्याकडूनच काढून घ्यायच्या. पाय पुढे करायच्या आणि भिंतीकडे बघायच्या.

मागच्या आठवड्यात त्या एकट्याच दुकानात आल्या. घरात कोणाला न सांगता, रिक्षा करून. मी घाबरलेच. त्या तपासणीच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "लांबचं दिसत नाही नीट. बघ."

मी दिवा मंद केला, काचा घालायला लागले. पुढच्या तक्त्यावरची अक्षरं त्या एकेक वाचत होत्या. मधेच, अक्षर वाचावं तशाच आवाजात म्हणाल्या, "तुझ्या जागी मी असते तर दिली असती."

मी म्हटलं, "हो, आई."

"लाजेकाजेस्तव दिली असती. आणि मग सासूला जन्मभर ऐकवलं असतं. उठता-बसता."

मी काच बदलली. विचारलं, "आता बरं दिसतं की आधी?"

"आधी," त्या म्हणाल्या. मग, "तू ऐकवलं नसतंस. ते मला जास्त जड गेलं असतं."

मला पुढची काच सापडेना. त्या वाट बघत बसून राहिल्या. नंबर थोडा वाढलाय. फ्रेम त्यांनी स्वतः निवडली, दुकानातली सगळ्यात भारी. म्हणाल्या, "सुनेचं दुकान आहे, सवलत मिळेल." मालकांनी दिली.

यादीत त्यांचं नाव पुढे सरकलंय असं हॉस्पिटलवाले सांगतात. किती, ते कोणी सांगत नाही. तोवर मशीन आहेच.

पुढच्या महिन्यात तू सुट्टी काढून येणार असं तुझा दादा म्हणाला. ये. आईंना नेण्याआणण्याच्या तुझ्या पाळ्या मी आतापासून लावून ठेवल्या आहेत, तेवढीच मला उसंत. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पत्रातून तो नीट पोचत नाही असं मला वाटतं. आलीस की समोर बसवून दोनचार दिवस चांगली चिडून घेते, मग बघू.

वहिनी